मौनात हरवलेला दंड

१

दोन मिनिटांचं मौन संपलं, सगळ्यांनी डोळे उघडले, आणि टेबलावरचा दंड जागेवर नव्हता.

"अगंबाई!" असा उद्गार विद्यापरिषदेच्या सभागृहात आजवर कोणी काढला नव्हता. त्या दिवशी तो गणिताच्या प्राध्यापकांच्या तोंडून निघाला, आणि चांगले झुपकेदार मिशांचे गृहस्थ होते ते.

आता हा दंड म्हणजे काय प्रकरण, ते आधी सांगायला हवं. काळ्या लाकडाचा, दोन हात लांबीचा सोटा आणि टोकाला चांदीची मशाल. विद्यापीठ काढणाऱ्या मंडळींनी नियमच करून ठेवला होता, की दंड टेबलावर असेल तरच विद्यापरिषद भरली असं समजायचं. दंड नाही तर सभा नाही, मग भले झाडून सगळे सभासद हजर असोत. काय शिकवायचं, परीक्षा कशी घ्यायची, कुठला विभाग ठेवायचा आणि कुठला मिटवायचा, हे सगळं ठरवणारी ही भली मोठी परिषद त्या एका लाकडापुढे अडायची. नव्या माणसाला हसू यायचं. पण तो नियम बदलायचा तर त्यासाठीही सभा हवी, आणि सभेसाठी दंड हवा. तेव्हा हसून हसून माणूस गप्प बसायचा.

मौनाचीही अशीच रीत होती. वर्षभरात गेलेल्या सहकाऱ्यांची नावं वाचायची, मग सगळ्यांनी काळ्या झग्यांत उभं राहून, माना खाली घालून, डोळे मिटून घ्यायचे. तोवर सभागृहाची दारं बंद. विद्यार्थ्यांच्या गॅलरीला मोठी काच होती, तिच्यावरचा पडदासुद्धा ओढलेला. एरवी एकमेकांचं वाक्य पुरं होऊ न देणारे हे लोक ती दोन मिनिटं मात्र मनापासून पाळायचे. काहींची तर तेवढ्यात एक डुलकीही व्हायची.

"दार उघडू नका!" कुलगुरू गरजले. "कोणी बाहेर जायचं नाही. शोधा!"

शोधलं. कपाटं उघडली, टेबलाखाली वाकून पाहिलं, पिशव्या उलट्या केल्या, पडदे झटकले. फोन तर रिवाजाप्रमाणे दाराबाहेरच्या टोपलीत होते, त्यामुळे कोणाला हाकही मारता येईना. दंड काही मिळाला नाही.

मग कुलगुरूंची नजर कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळली. तिथे परिषदेच्या नियम-सल्लागार बसल्या होत्या. कायदा शिकवायच्या. परिषदेत त्यांना मत नव्हतं, फक्त नियम सांगायचा अधिकार होता, आणि तो त्या इतक्या हौसेनं बजावायच्या की सगळं विद्यापीठ त्यांना पोटनियमबाई म्हणायचं. घरी भांडी कोणी घासायची यावरही आमच्या सासूबाई पोटनियम काढतात, असं त्यांची सून सांगायची. पोटनियम सुनेच्या बाजूनं असायचा, म्हणून तीही खूश होती.

"बाई," कुलगुरू म्हणाले, "आता तुम्हीच बघा. पाच वाजता या परिषदेची मुदत संपतेय."

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजत आले होते.

आणि त्या दिवशीच्या विषयपत्रिकेवर एकच विषय होता. खुणांच्या भाषेचा विभाग बंद करायचा.

२

हा विभाग दोन बहिणींनी उभा केला होता. थोरलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, आणि धाकटी तिच्या हातांचं बोलणं तोंडानं सांगायची. विद्यापीठात त्यांना थोरली आणि धाकटी असंच म्हणत. एका पडक्या कोठीघरात त्यांनी वर्ग सुरू केला. स्वतः भिंती रंगवल्या. ज्यांना कुठल्याच कॉलेजात जागा नव्हती अशी मुलं तिथे शिकून आता दवाखान्यांत, कचेऱ्यांत, शाळांत दुभाषी म्हणून उभी होती. विभाग गेला तर थोरलींचा जन्म वाया जाणार होता. हे त्या स्वतः म्हणत नसत, पण त्या दिवशी त्यांच्या हातांची बोटं सारखी एकमेकांत गुंतत होती, ते बाईंनी पाहिलं होतं.

आत आत बाई त्यांच्या बाजूच्या होत्या. पण नियम-सल्लागाराला बाजू नसते, म्हणून त्यांनी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

टेबलापाशी पाचच माणसं उभी होती. कुलगुरू, कुलसचिव, ठराव मांडणारे वाणिज्य शाखेचे डीन, थोरली, आणि नावं वाचणारे ज्येष्ठ सभासद, इतिहासाचे मामा. बाकी सगळे मागच्या रांगांत. धाकटी थोरलीच्या शेजारी असायची, पण मौनाच्या वेळी ती दाराशी उभी होती. बाईंनी खिडकीपाशी दोन खुर्च्या मांडल्या आणि एकेकाला बोलावलं.

पहिले आले डीनसाहेब. आले म्हणजे काय, खुर्चीत कोसळले. त्यांना त्या विभागाचा मजला नव्या संगणक-कक्षासाठी हवा होता, आणि ते लपवायचा त्यांनी कधी प्रयत्नही केला नाही.

"माझ्यावर संशय? अहो, मी कशाला चोरू? मतं माझ्या खिशात आहेत. सभा झाली तर विभाग बंद होतो. सभा नाही झाली तरी बंदच होतो. गेल्या वर्षी आपणच तो नियम केला ना?"

केला होता खरा. आधी जुना नियम असा होता, की मुदतीत निर्णय झाला नाही तर विषय तसाच पडून राहायचा आणि जे चाललंय ते चालू राहायचं. त्यामुळे वर्षानुवर्षं भिजत पडलेली घोंगडी साठली. शेवटी कंटाळून परिषदेनं नियम बदलला. आता मुदत संपली की लोंबकळलेला विषय सरळ कुलगुरूंच्या सहीवर जायचा. बाईंनी त्याला विरोध केला होता. कोणी ऐकलं नव्हतं.

"आणि कुलगुरू माझ्याच सल्ल्यानं सही करणार," डीनसाहेब रुमालानं मान पुसत म्हणाले. "तेव्हा मी दंड चोरला तर तो निव्वळ वेडेपणा."

पटण्यासारखं होतं. बाईंना डीनसाहेबांचं बोलणं पटलं की त्यांचं डोकं दुखायचं, तसं ते दुखू लागलं.

कुलसचिव आले ते किल्ल्यांचा जुडगा छातीशी धरून. "कपाटाची किल्ली माझ्याकडे. दंड टेबलावर मी ठेवला. दारही मीच लावलं. म्हणजे फाशी मलाच, नाही का?"

"फाशीचा अधिकार परिषदेला नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हाला तो चोरायचा असता तर टेबलावर ठेवलाच कशाला असता? कपाटातूनच गेला म्हणून सांगितलं असतं."

कुलसचिवांनी एवढा मोठा सुस्कारा टाकला की किल्ल्या वाजल्या.

कुलगुरूंना बाईंनी खुर्चीत बसवलं नाही, पण विचारलं मात्र सगळं. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, मला सभा हवीच आहे हो. परिषदेनं विभाग बंद केला तर दोष परिषदेचा. माझ्या सहीनं बंद झाला तर उद्या सगळी मुलं माझ्या दारात बसतील. आणि त्यांच्या घोषणा ऐकू येत नाहीत, नुसत्या बघाव्या लागतात. ते जास्त वाईट."

बाई चक्रावल्या. ज्यांना विभाग बंद करायचा होता त्यांना चोरीची गरजच नव्हती. ज्यांना वाचवायचा होता त्यांचं चोरीनं वाटोळंच होणार होतं. मग हा उद्योग केला तरी कोणी?

३

थोरली समोर बसल्या. धाकटी बाजूला उभी राहून बोलू लागली.

"ताई म्हणतेय, मौनात माझेही डोळे मिटलेले होते. पण माझा हात टेबलावर होता. मध्येच टेबल जरासं हललं. कोणीतरी काहीतरी उचललं."

"मग?"

थोरलींनी तळवा आडवा धरून पायाशी नेला.

"जमीन लाकडाची आहे. कोणी चाललं की मला तळव्यात कळतं. टेबलापासून एक माणूस खिडकीकडे गेला. हळू, एक पाय ओढत. दाराकडे कोणीही गेलं नाही."

"हा हा!" मागून डीनसाहेबांचा आवाज आला. ते उघड उघड कान देऊन बसले होते. "ऐकू न येणाऱ्या माणसाची साक्ष! आता एवढंच बाकी होतं."

धाकटीचा चेहरा लाल झाला. हे वाक्य बहिणीला सांगावं की नाही, अशी तिची पंचाईत झाली. पण थोरलींनी डीनसाहेबांचे ओठ आधीच वाचले होते. त्यांनी दोन बोटं हलवली.

"काय म्हणाल्या?" डीनसाहेबांनी विचारलं.

"'तुमचे कान चांगले आहेत ना,' ताई विचारतेय, 'मग तुम्ही काय ऐकलंत?'"

डीनसाहेबांनी तोंड फिरवलं. बाईंना हसू आवरेना, म्हणून त्यांनी उगाच नियमांची पुस्तिका चाळली. थोरलींवर त्यांचा विश्वास बसला होता. म्हणजे दंड सभागृहाबाहेर गेलेलाच नव्हता. पण सभागृह तर सगळं पालथं घातलं होतं!

शेवटी राहिले मामा. मामा हे सगळ्या विद्यापीठाचे मामा. कोणाचं लग्न जुळत नाही, कोणाचा प्रबंध अडला, कोणाचं कोणाशी वाजलं, मामा मध्ये पडणार आणि मिटवणार. वर्षभर मुलीकडे परदेशी राहून महिन्यापूर्वीच परतले होते. तिकडच्या गोष्टी रंगवून सांगायचे, फक्त नव्या नातवाचं नाव निघालं की विषय बदलायचे. अंगात जुना कोट, गळ्यात कायम टाय. तापानं फणफणले असतानाही टाय लावून झोपले होते, असं मामींनी सगळ्यांना सांगितलेलं.

"बसा ना मामा."

"नको गं, कंबर धरलीय. बसलो की उठवायला चौघं लागतात." मामा खिडकीच्या चौकटीला टेकून उभे राहिले. दारं बंद असल्यामुळे आत उकडत होतं. त्यांची कॉलर उघडी पडली होती आणि गळ्यावरून घाम ओघळत होता.

"काही दिसलं तुम्हाला?"

"मौनात कोण बघतंय?" मामांनी नजर वळवली. थोरली आपल्या जागी जाऊन बसल्या होत्या, मान खाली. मामांचा आवाज मऊ झाला. "त्या पोरीला सांग, धीर सोडू नकोस म्हणावं. आज सभा झाली नाही तर बरंच झालं. विषय पडून राहील. पडून राहिलेला विषय मरत नाही."

बाईंनी मान डोलावली. मामा नेहमीच सगळ्यांना असा धीर द्यायचे.

साडेचार होऊन गेले होते. तेवढ्यात मागे काहीतरी धाडकन आदळलं.

४

डीनसाहेब खुर्चीतून घसरले होते. चेहरा पांढराफटक, हात थरथरत होते, आणि चष्मा नाकावरून उडून लांब जाऊन पडला होता.

"साखर," ते पुटपुटले. "साखर उतरलीय. गाडीत... मागच्या सीटवर... निळी पिशवी."

सगळे त्यांच्याकडे धावले. गाडी दोन मजले खाली अंगणात. ड्रायव्हर गाडीत शांत झोपलेला, खिडकीतून दिसत होता. वरून हाका मारल्या, टाळ्या वाजवल्या, पण तो ढिम्म. फोन टोपलीत. कुलसचिव दाराची किल्ली शोधत होते, आणि घाईच्या वेळी जुडग्यातली हवी ती किल्ली जशी कधीच सापडत नाही तशी ती सापडत नव्हती.

थोरली उठल्या. त्यांनी गॅलरीचा पडदा सर्रकन बाजूला ओढला. काचेमागे त्यांचे विद्यार्थी दुपारपासून ताटकळत बसले होते. थोरलींचे हात हवेत सपसप फिरले. काचेतून आवाज जात नव्हता, पण हात जात होते. एका मुलीनं वळून जिन्यावरच्या मुलाकडे तेच हात फिरवले. त्यानं खिडकीतून अंगणातल्या मुलांकडे. अंगणातल्या मुलीनं गाडीची काच वाजवली, निळी पिशवी उचलली, आणि पळत सुटली.

कुलसचिवांना किल्ली सापडून दार उघडलं, तेव्हा पिशवी दाराबाहेर येऊन थांबलेली होती.

"अरे बापरे!" मिशीवाले गणित म्हणाले. "हे तर फोनपेक्षा जलद झालं!"

डीनसाहेबांच्या तोंडात बिस्कीट गेलं, रस गेला, आणि हळूहळू रंग परत आला. दार पुन्हा बंद झालं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. जो तो त्यांच्याभोवती वाकून काहीबाही विचारत होता. कोणी वारा घालत होतं, कोणी बुटाच्या नाड्या सैल करत होतं.

बाई मात्र दुसरीकडे पाहत होत्या.

डीनसाहेबांचा चष्मा मामांच्या पायाशी पडला होता. अगदी बुटाला लागून. मामांनी तो पाहिला होता, आणि मामा वाकले नाहीत. कोणाचंही पेन पडलं तरी धावणारे मामा ताठ उभे राहिले, चष्म्याकडे बघत, घाम पुसत. शेवटी धाकटीनं येऊन तो उचलला.

बाईंच्या मनात सगळं एकदम जागच्या जागी बसलं. हसावं की रडावं, तेच त्यांना कळेना.

पाचाला फार वेळ राहिला नव्हता.

५

"दंड सापडलाय," बाई मोठ्यानं म्हणाल्या.

वारा घालणारे हात जागच्या जागी थांबले.

"कुठे आहे?" कुलगुरूंनी विचारलं.

"आधी मी काय म्हणते ते ऐका. मी मघापासून एकाच गोष्टीवर अडले होते. विभाग बंद करू पाहणाऱ्यांना चोरी करायची गरज नाही, कारण सभा झाली नाही तरी विषय कुलगुरूंच्या सहीवर जातो. विभाग वाचवू पाहणाऱ्यांनी चोरी केली, तर त्यांनी स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारली. म्हणजे चोरी करायला कोणालाच कारण नाही. पण चोरी तर झाली. मग असा कोण आहे, ज्याला वाटतं की सभा झाली नाही तर विभाग वाचेल?"

"असा कोण असणार?" डीनसाहेब बिस्कीट चावत म्हणाले. "नियम तर सगळ्यांसमोर बदलला."

"त्या दिवशी हजर होते त्यांच्यासमोर बदलला," बाई म्हणाल्या. "नवी पुस्तिका अजून छापखान्यातच पडलीय. जे त्या वर्षी इथे नव्हतेच, त्यांच्यासाठी अजून जुनाच नियम चालू आहे. पडून राहिलेला विषय मरत नाही, असंच त्यांना वाटणार."

खिडकीची चौकट करकरली. बाईंनी तिकडे बघायचं टाळलं.

"थोरलींनी सांगितलं, माणूस दाराकडे गेला नाही, खिडकीकडे गेला, पाय ओढत. इतकं शोधूनही दंड मिळाला नाही, कारण आपण कपाटं शोधली, पिशव्या शोधल्या. एकमेकांचे झगे कोण शोधणार? सभ्य लोक आपण! दोन हात लांबीचा सोटा झग्याच्या आत काखेपासून खाली सोडला तर तो मावतो. फक्त तो बांधायला काहीतरी हवं. आणि एक गैरसोय आहे. ज्याच्या अंगाशी तो सोटा बांधलेला असेल, त्याला वाकता येत नाही. आणि बसता येत नाही."

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग कळलं, आणि एकच गडबड उडाली. जे जे उभे होते ते ते मिळेल त्या खुर्चीत धपाधप बसले. कुलसचिव बसले, मिशीवाले गणित बसले, कुलगुरूसुद्धा घाईघाईनं बसले. दोघं एकाच खुर्चीत बसले आणि तसेच राहिले.

खिडकीपाशी एकटे मामा उभे होते.

"मामा?" कुलगुरूंचा आवाज चिरकला.

मामांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते बाईंकडे पाहत होते, आणि त्यांचा चेहरा पार उतरला होता. "म्हणजे... विषय पडून राहत नाही?"

"नाही मामा. पाच वाजले की सही होते."

"अरे देवा! मग मी मघापासून काय करत बसलो होतो?" मामांनी झगा सोडला. आत त्यांचा टाय खांद्यावरून आडवा घेतलेला होता, आणि त्याच्या फासात चांदीची मशाल अडकलेली होती. दंड बाहेर काढताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मला वाटलं, मतं कमी पडतायत. आज टळलं तर पुढच्या परिषदेत समजावता येईल. उद्या सकाळी गुपचूप कपाटापाशी ठेवून जाणार होतो."

"पण का मामा? तुम्ही?" गणितवाल्यांनी विचारलं.

"माझ्या नातवाला ऐकू येत नाही," मामा म्हणाले. वर्षभर गिळलेलं ते वाक्य अखेर त्यांच्या तोंडातून बाहेर पडलं. "परत आल्यापासून मी रोज संध्याकाळी थोरलीकडे शिकायला जातो. परवा व्हिडिओ-फोनवर त्याला हातांनी म्हटलं, मी तुझा आजोबा. त्यानं मला तेच परत म्हणून दाखवलं. दीड वर्षाचं पोर! आणि तो वर्ग तुम्ही बंद करायला निघालात. मला सहन होईना."

धाकटी हे सगळं हातांनी सांगत होती, पण मध्येच तिचे हात थांबले. थोरलींनी तोंडावर पदर धरला होता.

डीनसाहेब ताडकन उठले. आता त्यांच्यात चांगलीच साखर आली होती. "ही चोरी आहे! यांचं सभासदत्व रद्द करा, मत बाद करा!"

सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या. बाईंनी पुस्तिका उघडली, चष्मा खाली ओढला, आणि आयुष्यात कधी आला नव्हता इतका आनंद पोटनियम वाचताना त्यांना झाला.

"'दंड सभागृहाबाहेर नेणारा सभासद अपात्र ठरेल.' सभागृहाबाहेर! दंड सभागृहाबाहेर गेलेलाच नाही. तो सगळा वेळ आपल्यातच होता. टेबलाऐवजी मामांच्या काखेत होता, एवढंच. साक्षीदार थोरली आहेत. तुमच्याकडे त्याहून चांगली साक्ष असेल तर सांगा डीनसाहेब."

सभागृह खदखदून हसलं. इतक्या वेळचा ताण त्या हसण्यात निघून गेला. डीनसाहेबांनी दुसरं बिस्कीट घेतलं.

मामा लंगडत टेबलापाशी गेले. पाय पार अवघडला होता. त्यांनी दोन्ही हातांनी दंड जागेवर ठेवला. कुलगुरूंनी घड्याळाकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

"परिषद भरली आहे."

घड्याळाचा काटा पाचाच्या अगदी जवळ आला होता.

६

भाषणांना वेळच नव्हता. बाईंच्या मते परिषदेच्या इतिहासातली ही एकमेव सभा, जिच्यात कोणी भाषण केलं नाही, आणि म्हणूनच ती इतकी चांगली झाली.

"विभाग बंद करावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावा," कुलगुरू म्हणाले.

डीनसाहेबांनी हात वर केला. "उपकार वेगळे, मत वेगळं," ते काचेकडे न बघता म्हणाले. माणूस ठरावाला पक्का होता, तेवढं मानायलाच हवं. मग त्यांनी मागे वळून पाहिलं. त्यांच्या खिशातली मतं खुर्च्यांच्या हातांवर हात ठेवून बसली होती. कोणी छताकडे पाहत होतं, कोणी निळ्या पिशवीकडे. मागच्या कोपऱ्यात दोनचार हात अर्धे वर आले आणि आपण एकटे पडतोय हे बघून डोकं खाजवून खाली गेले.

"अरे, काय हे?" डीनसाहेब म्हणाले.

"साहेब," त्यांच्याच शाखेतला एक जण ओशाळून म्हणाला, "तुम्ही मघाशी कसे दिसत होतात, ते तुम्हाला नाही माहीत. आम्हाला माहितेय."

"विभाग चालू राहावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावा."

आधी मामांचा हात गेला. मग मिशीवाल्या गणिताचा. मग रांगच्या रांग. पुढे, मागे, दोन्ही बाजूंना काळ्या बाह्या खाली घसरल्या आणि हात वर आले. कुलसचिव मोजायला उठले, आणि मोजता मोजता गोंधळले, कारण हात संपेनात. सभासदांच्या मागे काचेपलीकडे गॅलरीतल्या मुलांनीही हात वर केले होते, एकूण एक मुलानं, दोन्ही हात, बोटं पसरून, आणि ते हात हवेत गरगर फिरत होते.

"ही काय बेशिस्त आहे?" डीनसाहेबांनी शेवटचा प्रयत्न केला. "नियम आहे की नाही? गॅलरीत शांतता पाळायची असते!"

"पाळलीच आहे की," बाई म्हणाल्या. "कान देऊन बघा. एक तरी आवाज येतोय का?"

खरंच येत नव्हता. एवढा मोठा जल्लोष चालला होता, मुलं एकमेकांच्या गळ्यात पडत होती, हसत होती, रडत होती, आणि सभागृहात फक्त घड्याळ पाचाचे ठोके देत होतं.

"ठराव नामंजूर," कुलगुरू म्हणाले, आणि त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरल्याचं सगळ्यांना दिसलं. "विभाग चालू राहील."

धाकटीला ते सांगायची गरज पडली नाही. थोरलींना सगळं दिसत होतं. त्या भर सभागृहात उभ्या राहिल्या आणि काचेकडे तोंड करून त्यांनीही हात उंच केले. मामा शेजारी जाऊन उभे राहिले. महिन्याभरात शिकलेल्या कच्च्या, अडखळत्या बोटांनी ते हात फिरवू लागले. बघता बघता गणितवाले उठले, कुलसचिव किल्ल्यांसकट उठले, आणि हातांचं रानच्या रान हलू लागलं.

बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. इतकी वर्षं त्या या सभागृहात बसल्या होत्या, पण त्यांचा हात इथे कधी वर गेला नव्हता. त्यांना मतच नव्हतं. त्यांनी पुस्तिका मिटली, खुर्चीवर ठेवली, आणि दोन्ही हात उंच केले.

"बाई!" कुलगुरू दचकले. "तुम्हाला मताचा अधिकार नाही हो!"

"मत कोण देतंय?" बाई म्हणाल्या. त्यांनी बोटं पसरली आणि हात जोरजोरात फिरवले. "मी टाळ्या वाजवतेय."